शिक्क्याचे राजकारण



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आज सांगणार आहोत ते पुस्तकांतून गोळा केलेले असले, तरी त्याकडे पाहण्याची नजर युनियनवाल्याची आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

विषयाचे नाव वाचून काहींना वाटले असेल, की कम्युनिझम चांगला की वाईट याचा निकाल आज लागणार. तो लावण्याचा आमचा विचार नाही. आणि एका संध्याकाळी लागण्यासारखा तो नाहीही. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. एखाद्या माणसाने काय केले हे न विचारता, तो कोणाच्या बाजूचा आहे एवढे ठरवून त्याची भाकरी काढून घ्यायची, त्याला गजाआड टाकायचे, त्याच्या शेजाऱ्याला त्याच्यापासून दूर करायचे, असे जेव्हा घडते तेव्हा नेमके काय घडते? आणि ते घडून गेल्यावर त्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर पडतो?

सुरुवात आपल्या घरापासून करू. १९२८ साली मुंबईच्या कापडगिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. मालकवर्गाला आणि सरकारला धडकी भरली ती एखाद्या पुस्तकातल्या सिद्धान्ताने नव्हे. या सभासदांच्या आकड्याने. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, अधिकारी ही मुंबईची मंडळी त्यात होती. बंगालचे मुझफ्फर अहमद होते. स्प्रॅट आणि ब्रॅडले हे इंग्रजही होते. आरोप काय? बादशहाला हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वापासून वंचित करण्याचा कट. अमक्या ठिकाणी बॉम्ब टाकला, तमक्याचा खून केला, असा आरोप नव्हता. पुरावा म्हणून आली ती पत्रे, पुस्तके, सभांतली भाषणे आणि संपाची पत्रके.

आता गंमत पाहा. मुंबईच्या माणसांवरचा खटला मुंबईत नाही, तर दूर मीरतला. का? मुंबईत किंवा कलकत्त्यात तो चालला असता तर ज्यूरीपुढे चालवावा लागला असता, आणि ज्यूरी म्हणजे तुमच्याआमच्यासारखी माणसे. मीरतला ज्यूरी नव्हती. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. आयटकचे माजी अध्यक्ष, वयोवृद्ध ठेंगडी, खटला चालू असतानाच वारले. जानेवारी १९३३ मध्ये कोणाला जन्मठेप, कोणाला बारा वर्षे, कोणाला दहा वर्षे अशा शिक्षा झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्या पुष्कळ कमी केल्या, काहींना निर्दोष सोडले. म्हणजे न्याय मिळाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, न्याय चार वर्षे उशिरा आला, आणि सरकारला जे हवे होते ते पहिल्या दिवशीच साधले होते. पुढारी तुरुंगात गेल्यावर १९२९ चा संप मोडला. युनियनची ताकद ओसरली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली. शिक्षा ही नंतरची गोष्ट असते. खटला हीच शिक्षा असते.

याच दिवसांतली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षिततेचे एक विधेयक आणले होते. परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळणार होता. कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी सांगितले, की ज्या गोष्टीचा खटला न्यायालयात चालू आहे तिचीच चर्चा येथे करावी लागेल. तेव्हा एक तर खटला मागे घ्या, नाही तर विधेयक मागे घ्या. त्यांनी ते विधेयक पुढे येऊ दिले नाही. व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला. विठ्ठलभाई कम्युनिस्ट होते काय? मुळीच नव्हते. आरोपींच्या बचावासाठी धडपडणारे मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरूही नव्हते. मते पटत नाहीत म्हणून माणसाचा हक्क संपत नाही, एवढे त्यांना कळत होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा; त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता अमेरिकेकडे वळू. या विषयावर बोलायचे आणि अमेरिकेला टाळायचे हे शक्य नाही. कारण लोकशाही आहे, निवडणुका होतात, वर्तमानपत्रे मोकळी आहेत, न्यायालये स्वतंत्र आहेत, अशा देशातही हा रोग कसा पसरतो, हे तेथेच उत्तम दिसते.

लोक म्हणतात, हे सारे सेनेटर जोसेफ मॅकार्थी याने केले. हे अर्धेच खरे. मॅकार्थीचे गाजलेले भाषण ९ फेब्रुवारी १९५० चे, व्हीलिंग नावाच्या गावातले. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरले आहेत आणि त्यांची यादी माझ्या हातात आहे, असे त्याने सांगितले. यादीतला आकडा आधी २०५ होता, मग ५७ झाला, पुढे ८१ झाला. पण यंत्र त्याच्या आधीच सुरू झालेले होते. कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहाची ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी समिती १९३८ पासूनची. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी करण्याचा हुकूम मार्च १९४७ चा, आणि तो काढला होता राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी. म्हणजे मॅकार्थीच्या विरोधी पक्षाने. आमच्यावर मवाळपणाचा आरोप येऊ नये म्हणून आम्हीच आधी कडक होतो, अशी ही चाल. चालीने आरोप थांबला नाही; त्याला सरकारी शिक्का मात्र मिळाला. मॅकार्थी हा या कारखान्याचा मालक नव्हे; तयार कारखान्यात शिरलेला मोठ्या आवाजाचा मुकादम होता.

या कारखान्यात काम कसे चाले? चार खाती होती. एकेक पाहू.

पहिले खाते सैल शब्दाचे. कायद्यात गुन्ह्याची व्याख्या घट्ट असावी लागते. चोरी म्हणजे काय हे चोरालाही कळते. पण ‘निष्ठाहीन’ म्हणजे काय? ‘अन-अमेरिकन’ म्हणजे काय? जो शब्द कोणालाही चिकटतो, त्याच्यापासून कोणीही सुरक्षित नसतो.

दुसरे खाते अदृश्य साक्षीदाराचे. डोरोथी बेली नावाच्या एक बाई सरकारी रोजगार खात्यात नोकरीला होत्या आणि आपल्या कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष होत्या. तुम्ही कम्युनिस्ट आहात अशी आमच्याकडे माहिती आहे, असे मंडळाने त्यांना सांगितले. माहिती कोणी दिली? ते सांगता येत नाही. मंडळाच्या प्रमुखालाही माहिती देणाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती. माणसे विश्वासू आहेत असे पोलीस खाते म्हणते, तेवढे पुरे! बाईंना एक प्रश्न असाही विचारण्यात आला, की रक्तपेढीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रक्त वेगळे ठेवतात त्याविरुद्ध तुम्ही रेडक्रॉसला पत्र लिहिले होते काय. म्हणजे माणुसकीचे पत्र लिहिणे हीसुद्धा संशयाची खूण! बाईंची नोकरी गेली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते चार विरुद्ध चार अशी पडली, आणि खालचा निकाल कायम राहिला.

तिसरे खाते भाकरीचे. येथे तुरुंगाची गरजच नव्हती. ऑक्टोबर १९४७ मध्ये हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना समितीपुढे बोलावले. दहा जणांनी आपल्या मतांचा जाब देण्याचे नाकारले. त्यांना सभागृहाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास झाला. पण त्याहून मोठी शिक्षा स्टुडिओंच्या मालकांनी दिली. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी जाहीर केले, की या दहांना काम मिळणार नाही. सरकारने कायदा केला नव्हता. मालकांनी आपसांत ठरवले होते. दहा जणांपैकी डाल्टन ट्रम्बो खोट्या नावाने पटकथा लिहू लागला. त्या खोट्या नावाला १९५७ मध्ये ऑस्कर मिळाले, आणि ते घ्यायला त्या नावाचा माणूस आला नाही. त्याचे खरे नाव पडद्यावर परत यायला १९६० साल उजाडले. आणि दैवाची थट्टा अशी, की या दहा जणांची चौकशी करणारा समितीचा अध्यक्ष पार्नेल थॉमस पुढे सरकारी पैशाच्या अफरातफरीत सापडला, आणि ज्या तुरुंगात त्या दहांपैकी दोघे होते त्याच तुरुंगात जाऊन बसला.

चौथे खाते सर्वांत वाईट. ते नावांचे. समितीपुढे गेलेल्या माणसाला स्वतःबद्दल सांगून सुटता येत नसे. सभेला आणखी कोण होते? वर्गणी कोण गोळा करी? नावे सांगा! बहुतेक वेळा ती नावे समितीला आधीच ठाऊक असत. मग विचारायची कशाला? माहितीसाठी नव्हे. जो मित्राचे नाव सांगतो तो पुन्हा ताठ उभा राहू शकत नाही, आणि ज्याचे नाव सांगितले तो पुन्हा कोणावर विश्वास टाकत नाही. संघटना कशावर उभी असते? पावतीबुकावर नव्हे. मी अडचणीत आलो तर शेजारचा माझ्यामागे उभा राहील, या एका भरवशावर. तो भरवसा मोडला की युनियनच्या कचेरीला कुलूप लावावे लागत नाही. ती आपोआप बंद पडते.

येथे एका माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तो आमच्याच धंद्यातला. जॉन वॉटकिन्स हा मोटार कामगारांच्या युनियनचा संघटक. १९५४ मध्ये तो समितीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याबद्दल काय विचारायचे ते विचारा, मी सांगतो. ज्यांना मी आजही कम्युनिस्ट समजतो त्यांच्याबद्दलही सांगतो. पण जे फार पूर्वी तेथून बाहेर पडले त्यांची नावे मी घेणार नाही. कायद्याची ढाल पुढे करून तो गप्प बसला नाही. तुम्हांला हे विचारण्याचा अधिकार नाही, एवढेच त्याने सांगितले. त्याला शिक्षा झाली. जून १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि केवळ उघडे पाडण्यासाठी माणसाला उघडे पाडण्याचा अधिकार कायदेमंडळाला नाही, असे सरन्यायाधीश वॉरन यांनी बजावले. आम्ही हा निकाल वाचला तेव्हा वाटले, की आमच्या धंद्यात एवढे जरी एखाद्याने केले तरी त्याचा जन्म सार्थकी लागला.

पण युनियनवाल्याने केवळ वॉटकिन्सकडे बोट दाखवून मिरवू नये. उलट बाजूही आहे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने असे ठरवले, की युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी आपण कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे. नाही तर त्या युनियनला कामगार मंडळाचे संरक्षण नाही. असे प्रतिज्ञापत्र मालकांकडून मात्र मागितले नव्हते. यावर मोठ्या संघटनांनी काय केले? सी.आय.ओ. या महासंघाने १९४९-५० मध्ये आपल्याच अकरा युनियन बाहेर काढल्या. त्यांत नऊ-दहा लाख सभासद होते. घर स्वच्छ केले म्हणजे आपल्याला कोणी हात लावणार नाही, असा हिशेब होता. काढलेल्या युनियनमधले सभासद ओढून नेण्यासाठी भाऊबंदांतच चढाओढ लागली. त्या युनियनमध्ये अशा पुष्कळ होत्या, की ज्यांनी काळ्या कामगारांना आणि बायकांना बरोबरीने घेतले होते. ते कामही मागे पडले. त्या काळी अमेरिकेत दर तीन कामगारांमागे जवळजवळ एक युनियनमध्ये होता. आज दहा जणांमागे एक आहे. याला कारखान्यांचे स्थलांतर, यंत्रे, नवे कायदे अशी अनेक कारणे आहेत; सारा दोष त्या हकालपट्टीवर टाकणे अडाणीपणाचे होईल. पण ज्या लढाऊ माणसांनी पुढची लढाई लढायची, त्यांनाच आधी दाराबाहेर घातले होते, हेही विसरून चालणार नाही.

आता कोणी विचारील, आणि विचारावेच: अहो, पण हेर खरोखर होते ना? होते. क्लाउस फुक्सने अणुबॉम्बची माहिती रशियाला दिली, ती त्याने स्वतः कबूल केली. जूलियस रोझेनबर्ग हेरगिरीत होता, हे १९९५ पासून उघड झालेल्या कागदपत्रांनी सिद्ध झाले आहे. ज्यांनी तेव्हा तो साफ निर्दोष आहे असे सांगितले, त्यांना हे मान्य करावे लागेल. पण हेरगिरी हा गुन्हा आहे. त्याची व्याख्या आहे, त्याचा पुरावा लागतो, त्याचा खटला चालतो. हेर पकडायचा म्हणून शिक्षकाची, नाविकाची आणि पटकथा लिहिणाऱ्याची नोकरी घालवायची, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. सेनेटर मॅकार्थीने आपल्या साऱ्या आरडाओरडीत किती हेर शिक्षेपर्यंत पोहोचवले? एकही नाही.

आणखी एक गोष्ट आमच्याच बाजूच्या मंडळींना सांगायची आहे, ती कडू लागली तरी. शिक्का मारण्याची ही विद्या एका पक्षाच्या मालकीची नाही. १९३६ ते १९३८ मध्ये मॉस्कोत जुने क्रांतिकारक ‘हेर’ म्हणून उभे केले गेले आणि गोळ्या घालून मारले गेले. १९५२ मध्ये प्रागला स्लान्स्की आणि त्याच्या दहा सहकाऱ्यांना फाशी झाली. आरोप करणारे कम्युनिस्ट आणि फाशी जाणारेही कम्युनिस्ट. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडच्या सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि पुढच्याच वर्षी ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेवर बंदी घातली. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने कामगारांची युनियन बंद केली! वॉशिंग्टनला झाले तर दडपशाही आणि मॉस्कोला झाले तर ऐतिहासिक गरज, असे म्हणणाऱ्याला या व्यासपीठावर तोंड उघडण्याचा अधिकार नाही, असे आमचे मत आहे.

पण आपण असे समजून बसू नये, की हे सारे जुन्या काळाबरोबर गेले. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट म्हणून निदान पाच लाख माणसे मारली गेली. पुष्कळ तज्ज्ञ आकडा त्याहून बराच मोठा धरतात. त्यांत शेतकरी होते, शिक्षक होते, युनियनचे साधे सभासद होते. सुटून आलेल्या कैद्यांच्या ओळखपत्रावर पुढे कित्येक वर्षे खूण होती, आणि त्यांच्या मुलांना सरकारी नोकरीची दारे बंद होती. या भीतीचे आयुष्य किती असते पाहा: २०१४ च्या निवडणुकीत जोको विडोडो यांच्याविरुद्ध अफवा उठवण्यात आली, की ते कम्युनिस्ट घराण्यातले आहेत. त्या कत्तलीच्या वेळी ते चार वर्षांचे होते. कम्युनिस्ट पक्ष देशात उरला नव्हता. शिक्का मात्र उरला होता. राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्याच विडोडो यांनी जानेवारी २०२३ मध्ये त्या हत्याकांडाची गणना मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनांत केली. त्यासाठी सत्तावन वर्षे लागली.

फिलिपाइन्समध्ये याला एक नावच पडले आहे: ‘रेड-टॅगिंग’. कामगार पुढारी, वकील, पत्रकार यांना बंडखोर कम्युनिस्टांचे हस्तक म्हणून जाहीर करायचे. पुढे त्यांतल्या कोणाला धमकी येते, कोणाला गोळी लागते. तेथल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. असा शिक्का मारणे हाच माणसाच्या जीविताला, स्वातंत्र्याला आणि सुरक्षिततेला धोका आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. आम्ही ज्याला शिक्क्याचे राजकारण म्हणतो, त्याची न्यायालयाने केलेली ही नोंद आहे.

अमेरिकेतही धागा तुटलेला नाही. मॅकार्थीचा तरुण वकील रॉय कोन १९७३ पासून डोनाल्ड ट्रम्प यांचा वकील आणि सल्लागार झाला. त्याच ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०२३ च्या एका भाषणात कम्युनिस्ट आणि मार्क्सवादी यांना किड्यामुंग्यांच्या पंक्तीला बसवून त्यांचा नायनाट करण्याची भाषा केली. २०२५ मध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूने निदर्शने करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना हद्दपार करण्याचे प्रयत्न झाले. त्यांत आधार घेतला गेला तो मॅकार्थीच्या काळातल्या, १९५२ च्या परदेशवासीयांविषयीच्या कायद्याचा. त्यातले कलम पुढे १९९० मध्ये घातलेले. याच १९५२ साली चार्ली चॅप्लिन बोटीत असताना त्याचा परतीचा परवाना रद्द झाला होता. माणसे बदलली, देश बदलले, निमित्त बदलले. कपाट तेच, आणि कपाटातली हत्यारेही जवळजवळ तीच.

आणि आपण? १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे. २००८ मध्ये त्यात अशी तरतूद झाली, की आरोप वरवर पाहता खरा वाटला तर आरोपीला जामीन नाही. २०१९ पासून संघटनेलाच नव्हे, एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी जाहीर करता येते. २०१८ पासून भीमा-कोरेगाव प्रकरणात वकील, प्राध्यापक, लेखक आणि कामगारांत काम करणारी माणसे पकडली गेली. त्यांतले स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच वारले. मीरतच्या ठेंगड्यांची येथे आठवण होते. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना जामीन दिला. त्यांचा पाच वर्षांच्या आसपासचा काळ तुरुंगात गेला होता. आणि केवळ काही वाङ्मय जवळ बाळगणे म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे, असे न्यायालयाला सांगावे लागले. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालणे हा त्याचा उद्देश सांगण्यात आला. गडचिरोलीत बंदुकीने माणसे मारली गेली आहेत, पोलीसही आणि आदिवासीही, हे आम्ही नाकारत नाही. ज्याने बंदूक चालवली त्याच्यावर खटला चालवा. कायदा त्यासाठीच आहे. पण ‘शहरी नक्षल’ हा शब्द कोणत्या कायद्यात आहे? त्याची व्याख्या काय? ज्याची व्याख्या नाही, त्याची हद्दही नाही.

हे वर दिल्ली-मुंबईतच घडते असे समजू नये. आमच्या कामातला एक प्रसंग आहे; कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कंत्राटी कामगारांतल्या एका पोराने भविष्यनिर्वाह निधीच्या हिशेबाची मागणी केली. पगारातून पैसे कापले जात, पण ते खात्यावर जमा होतात की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. आठ दिवसांत वस्तीत कुजबुज सुरू झाली, की हा पोरगा ‘त्यांच्यातला’ आहे. कोणी सुरू केली ते कळले नाही. तसे ते कधी कळतच नाही. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. त्याच्या बरोबर डबा खाणारे दुसऱ्या झाडाखाली बसू लागले. आम्ही फंडाच्या कचेरीत तक्रार लावून धरली, आणि तीन वर्षांनी हिशेब निघाला. पैसे भरलेले नव्हते. ते भरावे लागले. दुसऱ्या झाडाखाली बसलेल्यांनाही ते मिळाले. पोरगा मात्र तोवर गाव सोडून गेला होता. त्याला कोणी अटक केली नाही, खटला भरला नाही. एक शब्द पुरला.

मग हे थांबते कशाने? इतिहास सांगतो, की ते आपोआप थांबत नाही; आणि एका शूराच्या भाषणानेही थांबत नाही. मॅकार्थी १९५४ मध्ये सैन्याच्या अंगावर गेला, दूरचित्रवाणीवर लोकांनी त्याला पाहिले, आणि त्या डिसेंबरात सेनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. पण त्याआधी चार वर्षे, १ जून १९५० रोजी, त्याच्याच पक्षाच्या मार्गारेट चेस स्मिथ यांनी सेनेटमध्ये उभे राहून त्याच्या पद्धतीला विरोध केला होता. तेव्हा त्यांच्या पाठीशी अवघे सहा सेनेटर होते. त्याच्याही आधी, १९२० मध्ये, लुई पोस्ट नावाचा म्हातारा अधिकारी होऊन गेला. धरपकड झालेल्या हजारो परदेशी कामगारांच्या फायली त्याच्या टेबलावर आल्या. त्याने प्रत्येक फाईल उघडून पुरावा पाहिला, आणि हजाराहून अधिक हद्दपारीचे हुकूम रद्द केले. कायदेमंडळाने त्याला जाब विचारला, तेव्हा त्याने तो चोख दिला. मोठे भाषण नाही, मोर्चा नाही. फाईल वाचली, एवढेच! आणि १९५८ मध्ये पॉल रोबसनचा पासपोर्ट अमेरिकेने अडवून ठेवलेला असताना त्याचा साठावा वाढदिवस आपल्या देशात साजरा झाला. त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला. तेही कम्युनिस्ट नव्हते. विठ्ठलभाईंचा जो मुद्दा लक्षात ठेवायला सांगितला होता, तो हा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. प्रत्येक अटकेला दडपशाही म्हणणे हाही आळसच आहे. गुन्हेगारही स्वतःला छळ झालेला म्हणवतो. तेव्हा पारख कशी करावी? आम्ही आमच्या सभासदांना चार प्रश्न विचारायला शिकवतो. या माणसाने नेमके काय केले, असा आरोप आहे? कोणी पाहिले, आणि पाहणाऱ्याची उलटतपासणी होणार आहे काय? निकालाच्या आधीच शिक्षा सुरू झाली आहे काय? आणि त्याच्याबरोबर त्याच्या मित्राला, बायकोला, वकिलालाही धरले जात आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले, तर कायद्याला आपले काम करू द्यावे. उत्तर मिळाले नाही आणि पुढच्या दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर समजावे, की हे गुन्ह्याचे काम नाही. हे शिक्क्याचे काम आहे.

हे चार प्रश्न विचारायला कम्युनिस्ट व्हावे लागत नाही, शूर व्हावे लागत नाही, शिकलेले असण्याचीही गरज नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, कॉलेजच्या खोलीत, कारखान्याच्या फाटकावर, कोणी एखाद्याकडे बोट दाखवून ‘हा त्यांच्यातला’ असे म्हटले, की शांतपणे विचारावे: बरे, पण त्याने केले काय? आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या शेजारची जागा सोडू नये.